शंभर पेशींची मोजणी

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी 31 वर्षं रक्त तपासलं. काचपट्टीवर थेंब ओढायचा, वाळला की लिशमनचा रंग घालायचा, धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली 100 पांढऱ्या पेशी ओळखून मोजायच्या. हाताशी बटणांचं काउंटर असे. शंभरावी पेशी झाली की घंटी वाजायची. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं विचारायची, “ताई, प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ?” मला त्यांना काचपट्टीच दाखवावीशी वाटे. तिथे शक्ती नावाची एकच एक वस्तू दिसत नाही. दिसतात निरनिराळ्या जातींच्या पेशी, आणि प्रत्येकीचा शत्रू वेगळा.

भातकापणीत विळा लागलेला एक मुलगा आठवतो. जखम चिघळून पोटरी टणक झालेली, अंगात फणफणून ताप. पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरमध्ये साधारण 4,000 ते 11,000 असतात. त्याच्या 22,000 होत्या, आणि शंभरातल्या 88 न्यूट्रोफिल. जखमेत वाढणाऱ्या जिवाणूंना गिळायला आधी याच धावतात. रक्तात त्या जेमतेम दिवसभर टिकतात, म्हणून हाडांतला मगज रोज सुमारे 100 अब्ज नव्या घडवतो. त्या मुलाच्या काचपट्टीवर कोवळ्या न्यूट्रोफिलही होत्या, केंद्रकाचे अजून खंड न पडलेल्या. मिसरूड न फुटलेली पोरं लढाईला धाडावीत, तसं शरीराने त्यांना बाहेर काढलं होतं. पू म्हणजे बहुतांशी याच मेलेल्या पेशी. मला त्याची किळस कधी वाटली नाही.

पेशी शत्रूला गिळतात, हे इल्या मेचनिकॉव्ह यांनी 1882 साली इटलीतल्या मेसिना इथे ताडलं. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी काटा खुपसला, आणि दुसऱ्या दिवशी पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या दिसल्या. ओडेसातला त्यांचा एक विद्यार्थी पुढे मुंबईत आला आणि जानेवारी 1897 मध्ये प्लेगची लस त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. तोच हाफकिन.

विषाणूपुढे मात्र हे गिळणं अपुरं पडतं, कारण तो आपल्याच पेशीत शिरून बसतो. तिथे लिम्फोसाइट लागतात. त्यांतल्या काही आपलीच बाधित पेशी मारून टाकतात. काही अँटिबॉडी बनवतात, ज्या बाहेर फिरणाऱ्या विषाणूला धरतात. डेंग्यूच्या दिवसांत एकूण पेशी 2,500 वर उतरलेल्या आणि लिम्फोसाइट मोठ्या, गडद निळ्या झालेल्या दिसत. नातेवाईक फक्त प्लेटलेटचा आकडा विचारत आणि अँटिबायोटिक मागून घेत. जिवाणूंवरचं ते औषध डेंग्यूच्या विषाणूला शिवतही नाही, हे सांगून माझा घसा बसायचा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराचा झाला, तर जुन्या अँटिबॉडी नव्या विषाणूला चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत; उलट त्याला पेशीच्या आत जायला वाट करून देतात. म्हणून दुसऱ्या खेपेचा डेंग्यू कधी कधी जास्त उग्र असतो.

माझी सगळ्यात आवडती पेशी इओसिनोफिल. केशरी दाण्यांनी भरलेली, केंद्रक चष्म्याच्या दोन भिंगांसारखं. शंभरात दोन-तीनच असायच्या. पण लावणीत अनवाणी राबणाऱ्या बायकांच्या काचपट्टीवर कधी पंचवीस-तीस मोजलेल्या आहेत. चिखलातल्या अंकुशकृमीची अळी तळपायाच्या कातडीतून आत शिरते. कृमी सेंटीमीटरभर लांब आणि पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, गिळणार कशी? मग असल्या शत्रूवर या पेशी बाहेरूनच आपल्या दाण्यांतली जहाल प्रथिनं ओततात. त्यात आपलं मांसही पोळतं. दम्याच्या कित्येक रोग्यांत श्वासनलिकेला हाच त्रास होतो, कृमी नसताना. प्रतिकारशक्ती वाढवा म्हणणाऱ्याला मी विचारत असे, यातली कोणती?

क्षयाचं प्रकरण आणखी वेगळं. मॅक्रोफेज नावाची गिळणारी पेशी त्याचा जिवाणू गिळते, पण पचवू शकत नाही. तो तिच्या पोटातच राहतो. मग सीडी-4 नावाच्या लिम्फोसाइट येऊन तिला बळ देतात आणि सगळ्या मिळून भोवती गाठ बांधतात. जिवाणू मरत नाही, कोंडला जातो. असे कैदी कित्येकांच्या फुप्फुसात जन्मभर असतात. एचआयव्ही नेमक्या सीडी-4 पेशी खातो, आणि तुरुंगाची भिंत ढासळते.

2004 च्या एप्रिलमध्ये सरकारने एचआयव्हीची मोफत औषधं द्यायला सुरुवात केली. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात बोटीवरचा एक खलाशी माझ्याकडे आला होता. थुंकीत क्षयाचे लाल दंडाणू मीच पाहिले. क्षय तपासायच्या मांटूच्या टोचणीनंतर मात्र त्याच्या हातावर गाठच उठली नाही. शरीरात जिवाणू होते, त्यांना ओळखून सुजायला पेशीच उरल्या नव्हत्या. सीडी-4 चा आकडा जिल्ह्याच्या ठिकाणाहून आला, 64. निरोगी माणसाचा 500 च्या वर असतो.

दोन वर्षांनी तो नवा कागद दाखवायला आला. आकडा 412. मी तो दोनदा वाचला. त्याने कागदाची घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली, पिशवी बनियनच्या आत सरकवली आणि बोट सुटायची वेळ झाली म्हणून घाईने निघाला.