रक्ताची जबानी

१९८७ च्या सप्टेंबरात ब्राझीलमधील गोइयानिया नगरात, ओसाड पडलेल्या एका किरणोपचार केंद्रातून भंगार वेचणाऱ्यांनी यंत्राचा जो भाग उचलून नेला, त्यातील सीझियम-१३७ ची अंधारात निळी चमकणारी भुकटी आप्तेष्टांत मोठ्या कौतुकाने वाटली गेली. आणि त्यानंतर जी माणसे वांती, जुलाब व त्वचेवरील व्रण घेऊन वैद्यांकडे गेली, त्यांच्या व्याधीचे कारण पंधरवडा उलटेपर्यंत कोणाच्या ध्यानी आले नाही. उलगडा झाल्यावर १,१२,००० हून अधिक लोकांची तपासणी क्रीडांगणात करण्यात आली व २४९ जण किरणोत्सर्गी द्रव्याने दूषित आढळले. परंतु कोणाला किती मात्रा लागली? अणुकेंद्रातील नोकराच्या छातीवर मात्रा नोंदविणारा बिल्ला तरी असतो. भंगारवाल्यापाशी तसला दाखला कोठून असणार? अशा वेळी रक्ताचीच जबानी घ्यावी लागते.

वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशी किरणांना लवकर बळी पडतात, असा सामान्य नियम आहे. रक्तातील लसिकापेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) या नियमास सणसणीत अपवाद होत, कारण विभाजन न होताही त्या तासांच्या हिशेबाने मरू लागतात. म्हणून अपघातानंतर दर काही तासांनी त्यांची गणना करतात. अठ्ठेचाळीस तासांनी घन मिलिमीटरमागे १,२०० हून अधिक पेशी उरल्या असतील तर प्राणघातक मात्रेचा संभव थोडा. ३०० च्या खाली संख्या गेली तर प्रकृती चिंताजनक. एकट्या आकड्यापेक्षा उताराचा वेग अधिक बोलका असतो. वांती किती लवकर झाली हेही वैद्य विचारतातच, पण भयानेही माणसास ओकारी येते, आणि भयाने लसिकापेशींचा असा सलग ऱ्हास होत नाही.

गोइयानियात मात्र हे पहिले दोन दिवस केव्हाच निघून गेले होते. तेथे गुणसूत्रांना विचारावे लागले. किरणांनी दोन गुणसूत्रे तुटली आणि त्यांची तुटकी टोके चुकीने परस्परांस जुळली, की दोन मध्यबिंदूंचे एक विपरीत गुणसूत्र निर्माण होते. निरोगी माणसात ते हजार पेशींत सुमारे एखादेच सापडते. प्रयोगशाळेत ज्ञात मात्रा दिलेल्या रक्ताशी या संख्येची तुलना करून देहाला लागलेली मात्रा अजमावतात. गोइयानियातील शंभरांहून अधिक व्यक्तींची अशी परीक्षा झाली व काहींची मात्रा ७ ग्रे (किरणमात्रेचे एकक) इतकी भरली. चौघांचा अंत झाला. मात्रा अंगाच्या एकाच भागास लागली असल्यास ही पद्धतही फसवी ठरू शकते, हे सांगणे प्राप्त आहे.

शिवाय ती सावकाश चालते. पेशींचे संवर्धन करण्यातच दोन दिवस जातात, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो पेशी पाहावयाच्या. रुग्ण पुष्कळ असतील तर प्रत्येकी पन्नास पेशींवरच तात्पुरता निवाडा करतात. तोवर कोणाला जंतुविरहित खोलीत ठेवावे, कोणाच्या अस्थिमज्जेला चालना देणारे औषध सुरू करावे, हे लसिकापेशींच्या उतारावरूनच ठरवावे लागते. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात गुणसूत्रपरीक्षेची ही विद्या अवगत आहे. दिल्लीच्या मायापुरी बाजारात २०१० साली कोबाल्ट-६० भंगारात येऊन एकाचा बळी गेला, तेव्हा अशा विद्येचे प्रयोजन आपल्याकडेही आहे हे दिसून आले. तिचा उपयोग व्हावयाचा तर जिल्हा रुग्णालयातील डॉक्टराने मोजणीसाठी एक आणि गुणसूत्रांसाठी हेपारिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य) घातलेली दुसरी अशा दोन नळ्या, रुग्णास परक्याचे रक्त चढविण्यापूर्वीच, भरून ठेवल्या पाहिजेत. चढविलेल्या रक्तातील दात्याच्या पेशी मिसळल्या की गणना बिघडते.