तंत्रिका कोशिकांतील हॉर्मोन-जीनांचे नियंत्रण

काही तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) हॉर्मोने निर्माण करतात. त्यांची जीने केव्हा व किती कार्यान्वित व्हावीत, हे मुख्यत्वे प्रतिलेखन घटक नावाची प्रथिने ठरवितात. शरीरातील बहुतेक कोशिकांत जीनांचा संच एकच असतो. तथापि विशिष्ट हॉर्मोन मोजक्याच कोशिका तयार करतात. प्रतिलेखन घटक डीएनएच्या ठराविक क्रमांना चिकटून जीनापासून संदेशक आरएनए बनण्याची क्रिया (प्रतिलेखन) चालू करतात, वाढवितात किंवा रोखतात.

प्रजननाचे नियंत्रण हे याचे ठळक उदाहरण होय. मेंदूतील गोनॅडोट्रॉपीन-मुक्तक हॉर्मोन १० ॲमिनो अम्लांचे असून त्याची संरचना १९७१ मध्ये निश्चित झाली. ते पोष ग्रंथीला व तिच्यामार्फत जनन ग्रंथींना चालना देते. उंदराच्या मेंदूत ते बनविणाऱ्या कोशिका सुमारे एक हजारच असतात. प्रयोगशाळेतील रॅट या प्राण्यांत या जीनाच्या आरंभबिंदूपूर्वी सुमारे १,६०० ते १,९०० क्षारक-जोड्यांच्या अंतरावर एक वर्धक पट्टा आढळतो. ऑक्ट-१ व गाटा गटातील घटक तेथे चिकटतात.

एकच घटक सहसा पुरेसा नसतो. ऑक्सिटोसीन व व्हासोप्रेसीन बनविणाऱ्या कोशिका घडण्यासाठी ओटीपी, सिम-१ व बीआरएन-२ हे घटक लागतात. यांपैकी एकाचे जीन निकामी केलेल्या उंदरांत त्या कोशिका नीट घडत नाहीत. कोशिका प्रौढ झाल्यावर क्रेबसारखे घटक बाह्य संदेशानुसार फॉस्फेट जोडले जाऊन कार्यक्षम होतात. म्हणजे काही घटक कोशिकेची ओळख ठरवितात, तर काही तिच्या कार्याची वेळ.

ही वेळ मासेमारीच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. अस्थिमत्स्यांत मुक्तक हॉर्मोनाच्या कोशिकांचे तंतू थेट पोष ग्रंथीत पोहोचतात. दिवसमान, तापमान इत्यादींचे संदेश मेंदूमार्फत अंडी पक्व होण्यापर्यंत नेले जातात. मुंबईतील कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या कोळी वस्त्यांत यांत्रिक नौका पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात. २०२५ मध्ये महाराष्ट्रात ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची होती. अनेक जातींच्या विणीला संरक्षण मिळावे, हा तिचा एक हेतू आहे. अंडी घालण्यापूर्वीच मादी जाळ्यात सापडली, तर मेंदूपासून सुरू झालेली ही दीर्घ प्रक्रिया निष्फळ ठरते आणि पुढील हंगामाचे मासे घटतात. मात्र उंदरांवरील निष्कर्ष सर्व माशांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. जातीपरत्वे हॉर्मोनांचे प्रकार व त्यांचे नियंत्रण भिन्न असते.