रानपिंगळ्याची वंशावळ आणि सातपुड्याचे बदलते रान

जळगाव जिल्ह्यातील यावल हे गाव केळीच्या बागांनी हिरव्यागार झालेल्या सपाट मुलखात वसलेले असले, तरी त्याच्या उत्तरेस सातपुड्याची भिंत उभी आहे. या डोंगररांगांत, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून, सुमारे १७५ चौरस किलोमीटर क्षेत्राचे यावल अभयारण्य आहे. १९६९ साली ते घोषित झाले. साग, सालई, धावडा आणि अंजन या वृक्षांच्या येथील पानझडी रानात वीतभर उंचीचे एक घुबड राहते. त्याला रानपिंगळा असे म्हणतात. जगात अन्यत्र कोठेही न आढळणारा, केवळ मध्य व पश्चिम भारताच्या काही वनांतच उरलेला हा पक्षी असून त्याच्या प्रौढ पक्ष्यांची संख्या एक हजाराहून कमी असावी असा जाणकारांचा अंदाज आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे.

पिंगळा हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा आणि पाखराची भाषा आपल्याला कळते असे सांगून भविष्य कथन करणारा पिंगळा जुन्या पिढीला चांगलाच स्मरत असेल. ज्याच्या नावावर त्याचे पोट चाले, तो साधा पिंगळा गावाच्या आसपास, जुन्या वाड्यांच्या भिंतींत व आमराईत सर्वत्र दिसतो. रानपिंगळा मात्र गावाकडे फिरकत नाही. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाटीने असतात, तर रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. त्याची चोच व पंजे देहाच्या मानाने मोठे आणि बळकट असतात. शिवाय इतर घुबडांप्रमाणे तो केवळ रात्री हिंडत नाही, तर भर दिवसा शिकार करतो.

या वेगळेपणामुळेच शास्त्रज्ञांपुढे एक प्रश्न उभा राहिला आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

एका पक्ष्याची चोरी

राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून शाळेच्या पुस्तकांतून परिचित असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे पक्षिशास्त्राचेही मोठे जाणकार होते. आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात १८७२ साली ब्लेविट यांनी मिळविलेल्या एका घुबडाचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. हे घुबड पिंगळ्याच्या प्रजातीत बसत नाही असे वाटल्यावरून त्यांनी त्याच्यासाठी ‘हेटेरोग्लॉक्स’ ही स्वतंत्र प्रजातीच स्थापन केली. (जीवशास्त्रात परस्परांच्या निकट असणाऱ्या अनेक जातींच्या समूहाला प्रजाती म्हणतात.) पुढे १८८० नंतरच्या काही वर्षांत सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात, शहादा-तळोदा भागात, या पक्ष्याचे आणखी काही नमुने गोळा केले. जगातील सर्व संग्रहालये मिळून याचे जेमतेम सात नमुने होते. १८८४ नंतर हा पक्षी कोणाच्या दृष्टीस पडल्याची विश्वासार्ह नोंद झाली नाही आणि तो नामशेष झाला असे मानले जाऊ लागले.

अपवाद होता तो एका नोंदीचा. गुजरातेतील मांडवी येथे १९१४ साली आपण हा पक्षी मिळविला, असा दावा कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने केला होता. त्याच्या शब्दावर विसंबून नंतरच्या शोधकांनी मांडवीच्या परिसरात निष्फळ पायपीट केली. अमेरिकेच्या डॉ. पामेला रासमुसेन आणि इंग्लंडचे डॉ. नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा पक्ष्याचे कातडे काढण्याची व भरण्याची मूळ पद्धत डेव्हिडसन यांचीच असल्याचे आढळले. कर्नलने तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरला होता, वरवर नव्याने बांधला होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. या लबाडीपायी एका पक्ष्याचा शोध कित्येक वर्षे चुकीच्या दिशेने चालला.

खोटी नोंद दूर होताच शोधाची ठिकाणे आपोआप निश्चित झाली. डॉ. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी प्रथम पूर्वेकडील जुन्या ठिकाणी शोध घेतला. तेथे काही हाती लागले नाही. त्यानंतर ते खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात, सकाळच्या उजेडात, निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी घडलेली ही घटना होय. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी, डॉ. फराह इश्तियाक व डॉ. गिरीश जठार यांनी तोरणमाळ व तळोद्याच्या वनांत या पक्ष्याच्या सवयींचा अभ्यास केला. पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्वेशन सोसायटीच्या डॉ. प्राची मेहता व डॉ. जयंत कुलकर्णी यांच्या पाहणीतून यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील लगतची वने ही त्याची ठिकाणे म्हणून पुढे आली.

जनुकांतील फेरफार

पक्षी सापडला, तरी त्याच्या वंशाचा प्रश्न सुटला नव्हता. चोच, पंजे व हाडे पाहून काही अभ्यासक त्याला ह्यूम यांच्याप्रमाणे स्वतंत्र प्रजातीत ठेवीत, तर इतर काही जण त्याला ‘अथेने’ या पिंगळ्यांच्या प्रजातीत घालीत. नुसत्या बाह्य रूपावरून असा वाद निकालात काढणे कठीण असते. राहणी सारखी असली की दूरच्या नात्यातील प्राणीही एकमेकांसारखे दिसू लागतात आणि राहणी बदलली की सख्खे नातेवाईकही निराळे दिसतात.

अशा वेळी डीएनए उपयोगी पडतो. तलाठ्याच्या दप्तराशी परिचय असलेल्या वाचकास ही पद्धत समजण्यास अवघड नाही. जमिनीचे हस्तांतर झाले की फेरफाराची नोंद होते आणि जुने फेरफार क्रमाने वाचीत गेल्यास एकाच मूळ खातेदारापासून कोणती खाती केव्हा फुटली ते उलगडते. प्रत्येक पिढीत डीएनएची नक्कल होताना त्यात क्वचित एखादा बदल राहून जातो व तो पुढील पिढ्यांकडे जातो. दोन जातींत असे बदल समान आढळले, तर ते दोघींच्या समान पूर्वजात घडले असले पाहिजेत. जे बदल एकीतच आढळतात, ते वाटणी झाल्यानंतरचे. फरक एवढाच की, येथील तलाठी नोंदीवर तारीख घालीत नाही. ती जीवाश्मांच्या आधारे आणि गणिताने अंदाजावी लागते.

डॉ. पंकज कोपर्डे यांनी डॉ. प्राची मेहता, डॉ. सुषमा रेड्डी, डॉ. उमा रामकृष्णन, डॉ. शोमिता मुखर्जी आणि डॉ. व्ही. व्ही. रॉबिन यांच्यासमवेत रानपिंगळ्याच्या जनुकांची इतर घुबडांच्या जनुकांशी तुलना केली. चतुर व टाचण्या या कीटकांवरील संशोधनासाठीही डॉ. कोपर्डे परिचित आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाचा निष्कर्ष असा की, रानपिंगळा ‘अथेने’ प्रजातीच्या शाखेतच मोडतो. ज्याला ह्यूम यांनी वेगळे घर बांधून दिले होते, तो मूळच्याच घरातला निघाला.

या घराचा विस्तार मोठा आहे. प्राचीन ग्रीसच्या नाण्यांवर कोरलेले युरोपातील लहान घुबड, अमेरिकेच्या माळरानात जमिनीतील बिळांत राहणारे घुबड आणि आपल्याकडील साधा पिंगळा हे सर्व याच प्रजातीचे होत. त्यांतील बहुतेकांनी मोकळा माळ, शेते व मानवी वस्ती यांच्याशी जुळवून घेतले. साध्या पिंगळ्याला रान तुटल्याचे फारसे दुःख नाही. घराच्या वळचणीवर त्याचे भागते. रानपिंगळा मात्र पानझडी जंगलाशी बांधला गेला. लक्षावधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या या शाखेला तिचे जंगल गेल्यावर गावात येऊन राहता येत नाही. स्वतंत्र प्रजातीचा मान गेल्याने पक्ष्याचे महत्त्व कमी झाले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. एकाच घरातील एक भाऊ सर्वत्र नांदतो आणि दुसरा नामशेष होण्याच्या काठावर येतो, याचे कारण शोधण्याची वाट या निष्कर्षामुळे मोकळी झाली आहे.

डोंगर आणि डोंगरातील पोकळी

सातपुडा हा प्राण्यांच्या प्रवासाचा मार्ग असावा, ही कल्पना जुनी आहे. पूर्व हिमालयातील ओढ्यांत राहणाऱ्या माशांचे नातलग थेट सह्याद्रीत कसे सापडतात, याचे उत्तर देताना प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९४९ च्या सुमारास असा सिद्धांत मांडला की, एके काळी सातपुडा अधिक ओला व सलग होता आणि त्याच्या आश्रयाने हे जीव पश्चिमेकडे सरकले. पक्ष्यांच्या संदर्भात डॉ. सालिम अली यांनीही त्याच वर्षी या विषयावर लेखन केले. होरा यांच्या सिद्धांतावर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले आणि सर्व जीवांना तो लागू पडत नाही हे आता मान्य झाले आहे. तरीही डोंगररांगेच्या सलगतेचा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला, हे श्रेय त्यांचेच. रानपिंगळा हा कोरड्या रानाचा पक्षी असल्याने होरा यांच्या माशांशी त्याचा संबंध नाही. परंतु २०१४ साली तो ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात आढळला, पुढे डांगच्या पूर्णा अभयारण्यातही दिसला आणि सातपुडा व सह्याद्री यांच्यामधील रानांचे तुकडे त्याला किती जोडतात हा विचार नव्याने सुरू झाला.

पूर्वी हा बदल भूगर्भ व हवामान यांच्या गतीने होत असे. गेल्या दीडशे वर्षांत तो माणसाच्या गतीने होऊ लागला. डेव्हिडसन यांच्या काळी शहाद्याच्या सखल भागात जे रान होते, तेथे आज शेते आहेत. पायथ्याचे रान गेले आणि पक्षी डोंगरावर उरला. त्याला अगदी गर्द अरण्य लागत नाही. विरळ सागाचे, मधूनमधून गवताच्या मोकळ्या जागा असलेले रान त्याला मानवते, कारण सरडे, उंदीर व नाकतोडे तो जमिनीवर टिपतो. पण घरट्यासाठी त्याला झाडातील ढोली हवी. ढोली त्याला स्वतः कोरता येत नाही. सुतार पक्ष्याने सोडलेली किंवा फांदी कुजून झालेली पोकळी त्याला शोधावी लागते आणि अशी पोकळी जुन्या, वठत आलेल्या झाडातच मिळते. इमारती लाकडाच्या हिशेबात असे झाड निरुपयोगी ठरते. सरपणासाठी प्रथम तेच तुटते.

यावलच्या डोंगरात पावरा, बारेला, भिल्ल व तडवी कुटुंबे राहतात. वनजमिनीवरील शेतीचा प्रश्न येथे जुना आणि तीव्र आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवरील हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केले. त्यानंतर तोडलेल्या रानाला मात्र हा आधार नाही. प्रत्यक्ष टेकडीवर उभे राहिल्यावर ही सीमारेषा कागदावरच्याइतकी ठळक दिसत नाही, ही गोष्ट महसूल व वन या दोन्ही खात्यांच्या कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे. घुबडाविषयीच्या अंधश्रद्धा, पोरांच्या हातातील गलोल आणि शेतातील उंदरांसाठी ठेवलेले विष यांचाही उपद्रव या पक्ष्याला होतो. विष खाल्लेला उंदीर सहज पकडता येतो आणि तोच त्याच्या पिलांच्या तोंडी जातो.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गावांच्या नोंदवहीत रानपिंगळ्यासाठी एक पान सहज निघू शकेल. त्याचा विणीचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि याच काळात पानगळ झाल्यामुळे तो डोळ्यांना दिसतो. बिनठिपक्यांच्या डोक्याचे घुबड कोणत्या नाल्याकाठी, कोणत्या महिन्यात, दिवसा किती वाजता दिसले आणि जवळपास ढोली असलेली कोणती झाडे उभी आहेत, एवढी माहिती शाळेतील मुलांच्या मदतीनेही जमविता येईल. पुढे या रानात येणाऱ्या संशोधकाला सर्वप्रथम हीच माहिती लागणार आहे.