दुसऱ्यासाठी मागणे

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाला मागण्यांचे नावीन्य नाही. १८५७ च्या उठावातील सैनिकांना जेथे देहदंड मिळाला तो काळा चबुतरा याच ठिकाणचा, आणि आजही मोर्चे व धरणी यांची पावले आपसूक इकडेच वळतात. शिक्षक वेतनासाठी येतात, विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी येतात. स्वतःच्या हक्काचे मागण्यात गैर काहीच नाही. लोकशाहीचा व्यवहार त्यावरच चालतो. मात्र याच शहरातील चर्चमध्ये दर रविवारी मागण्याचा एक निराळा प्रकार चालू असतो. तेथे आजाऱ्यांसाठी, बेकारांसाठी, शोकाकुल घरांसाठी मागितले जाते, आणि मागणाऱ्याच्या पदरात त्यातून काही पडायचे नसते. ख्रिस्ती परिभाषेत हिला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात.

अशा प्रार्थनेने प्रत्यक्षात साधते काय, हा प्रश्न सुशिक्षित मनात उठतोच, आणि तो टाळण्यात शहाणपण नाही. २००६ मध्ये अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही याविषयी अनिश्चित असलेल्या रुग्णांपैकी, ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यातील ५२ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही उपद्रव झाला. ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात हे प्रमाण ५१ टक्के होते. प्रार्थना होत असल्याचे ज्यांना निश्चित सांगितले होते त्यांच्यात तर ते ५९ टक्के निघाले! श्रद्धावंतांनी या आकड्यांवर रागावू नये. परंतु प्रार्थना करणाऱ्यांच्या हाती रुग्णाचे नाव आणि आडनावाचे आद्याक्षर एवढेच होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. ज्याच्या उशाशी बसायचे नाही, ज्याच्या घरी डबा पोचवायचा नाही, अशा अनोळखी माणसासाठी नेमून दिलेली ती प्रार्थना होती.

केडगावच्या मुक्ती सदनातील चित्र याहून फार वेगळे होते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेतून उपासमारीने खंगलेल्या मुली व विधवा तेथे आणल्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी विशेष प्रार्थनेची हाक दिली तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत रोज दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. त्यांची प्रार्थना देशोदेशींच्या ख्रिस्ती लोकांसाठीही होती. पुढे तेथे जे धार्मिक चैतन्य उसळले त्याची चर्चा पुष्कळ झाली. त्यापूर्वीच्या या महिन्यांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही, आणि खरे मोल त्यांतच आहे. ज्या मुली जगाच्या हिशेबात केवळ घेणाऱ्या होत्या, दात्यांच्या यादीत ज्यांचे नाव कधीच लागले नसते, त्या येथे देणाऱ्या झाल्या. दान करण्यास गाठीला काहीतरी असावे लागते. दुसऱ्यासाठी प्रार्थना करण्यास तशी अट नाही. निराश्रिताला अन्न देणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. त्यालाही काही देता येते, हे त्याच्या मनावर ठसविणाऱ्या थोड्या.

अर्थात मुक्ती सदनात प्रार्थनेच्या बरोबरीने शेती, विणकाम आणि छापखानाही चालत होता. याकोबाच्या पत्रात एकमेकांसाठी प्रार्थना करण्याचा उपदेश आहे, आणि उघड्या-उपाशी बांधवाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्याची कानउघाडणीही त्याच पत्रात आहे. ही दोन्ही वचने एकत्र वाचली जात नाहीत, ही खेदाची गोष्ट होय.

प्रार्थना मागणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. तिच्यासाठी आपले दुःख चार लोकांत उघडे करावे लागते. आजाराचे सांगणे सोपे; मुलाचे व्यसन, डोक्यावरचे कर्ज, सुनेशी न पटणे यांचे काय? प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट सायंकाळपर्यंत गावभर होणार असेल, तर शहाणा माणूस पुढील रविवारी प्रकृती ठीक असल्याचेच सांगेल. मोबाईलवरील प्रार्थना-विनंतीला जोडलेल्या हातांचे चिन्ह पाठविणे तर फारच स्वस्त झाले आहे. चिन्हे पन्नास येतात. रुग्णालयात रात्री थांबायला कोण येणार, हे विचारण्याचा धीर मात्र त्या घराला होत नाही.