कापसाच्या खोलीतली सर्दी

देवगाव फाट्याच्या शिवारात वेचणी झाली की भावाची वाट पाहत कापूस घरातच रचला जातो. २०२३ मध्ये भाव उतरले, तेव्हा मराठवाड्यात अनेक घरांत तो उन्हाळ्यापर्यंत पडून होता. त्याच खोलीत लेकरं झोपतात. मग शिंका, डोळ्यांना पाणी, अंगाला खाज. आपण म्हणतो, थंडी बाधली, आणि दही बंद करतो! ताप नाही, बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटते, रात्री पुन्हा त्रास होतो, तर तो कापसाच्या धुळीचा व त्यातील बारीक किड्यांचा समजावा. अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवा, गोधड्या उन्हात टाका, जमीन ओल्या फडक्याने पुसा. घरातल्या कापसावर फवारा मात्र मुळीच मारू नका. ते विष लेकरांच्याच नाकात जाते. छाती वाजू लागली, दम लागला, तर लगेच सेलूचा सरकारी दवाखाना गाठावा.