कानात पाच सुया आणि कॅन्सरचं दुखणं

पुण्याहून किंवा नागपूरहून फोन येतो: "मावशीचा कॅन्सर बरा झालाय म्हणतात, पण सांधे इतके दुखतात की रात्र रात्र झोप नाही. कोणीतरी कानात सुया टोचून घ्यायला सांगितलंय. तू तिकडे आहेस, जरा बघ ना!" परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा फोन ओळखीचा असेल. इंटरनेटवर शोधायला जावं तर एक जण चमत्कार म्हणतो, दुसरा थोतांड. तुम्ही मावशीला काय सांगाल?

आधी हा उपचार आला कुठून ते बघा. १९५०च्या दशकात फ्रान्समधल्या लिओं शहरात पॉल नोजिए या डॉक्टरांना काही रुग्णांच्या कानावर डागल्याच्या खुणा दिसल्या. सायटिकासाठी कोणा वैदूने डागलं होतं आणि बरं वाटलं, असं ते सांगत. त्यावरून नोजिएंनी कानावर उलट्या गर्भाचा नकाशा मांडला: पाळीशी डोकं, वर पाय. नकाशा देखणा आहे, पण त्याला शरीरशास्त्राचा भक्कम आधार नाही. मात्र कानाला मेंदूकडे जाणाऱ्या अनेक नसा आहेत, हे खरं. कान कोरताना काही जणांना ठसका लागतो ना? तो व्हेगस नसेच्या कानातल्या फांदीमुळे.

आता पुरावा. पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी कॅन्सर संस्थेत ९० रुग्णांवर झालेली चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. दोन महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुया लावलेल्यांचं दुखणं ३६ टक्क्यांनी उतरलं, खोट्या बिंदूंवाल्यांचं जवळजवळ होतं तिथेच राहिलं. आकडा छान आहे, पण रुग्ण थोडे.

मोठी चाचणी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या संशोधकांची, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेली. कॅन्सरमधून वाचलेले, पण हाडा-स्नायूंचं जुनाट दुखणं असलेले ३६० जण. काहींना अंगावर सौम्य विजेसह सुया, काहींना दोन्ही कानांत 'बॅटलफील्ड' पद्धतीच्या छोट्या सुया, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. (अमेरिकी हवाई दलाच्या डॉक्टरांनी शोधलेली पद्धत, म्हणून हे नाव. एका कानाला पाच बिंदू.) शून्य ते दहाच्या मापावर नेहमीच्या उपचारांपेक्षा विजेच्या सुयांनी दुखणं १.९ने, कानाच्या सुयांनी १.६ने जास्त उतरलं. कानाची पद्धत विजेच्या तोडीची आहे, हे मात्र सिद्ध झालं नाही. शिवाय कानवाल्यांपैकी दहातल्या एकाने त्रासामुळे उपचार सोडला. विजेच्या गटातल्या १४५ जणांत फक्त एकाने. आणि इथे खोट्या सुयांचा गट नव्हता, त्यामुळे यातला किती गुण सुईचा आणि किती विश्वासाचा, हे ही चाचणी सांगू शकत नाही.

माझं मत विचाराल तर मावशीने करून बघायला हरकत नाही, पण गोळ्या चालू ठेवूनच. "यानेच गाठ विरघळेल" म्हणणाऱ्याच्या दारातून मात्र परत फिरावं. जाण्याआधी तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा: पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स पुरेशा आहेत का, रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का? कानाच्या कूर्चेला जंतुसंसर्ग झाला तर तो हट्टी असतो, म्हणून सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या. या सुया तीन-चार दिवस कानातच राहतात. त्या काळात एमआरआय ठरला असेल, तर तिथल्या माणसांना आधीच सांगायला सांगा.