चौसष्टावा हिस्सा

पायपर जे-३ कब. पिवळा रंग, डोक्यावर एकच लांब पंख, एकामागे एक दोन आसनं. १९३८ ते १९४७ या काळात अमेरिकेत अशी जवळजवळ २०,००० विमानं बनली, त्यांतली बहुतेक पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावात. मॉडेल विमानं करणाऱ्यांचं हे जुनं लाडकं विमान. त्याची चतुर्थांश मापाची प्रतिकृती करायला घेतली की कळतं, माप म्हणजे एक आकडा नव्हे.

लांबी सोपी. मूळ पंखविस्तार १०.७४ मीटर, चारनं भागला की सुमारे २.६८. पंखाचं क्षेत्रफळ १६.६ चौरस मीटर, ते सोळानं भागायचं. हाती राहतो जेमतेम एक चौरस मीटर. वजन मात्र लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही दिशांनी घटतं, म्हणून भागायचं चौसष्टनं. भरलेल्या कबचं वजन ५५३ किलो, तेव्हा मॉडेल साधारण ८.६ किलोचं. ७७ किलोचा वैमानिक इथे १.२ किलोचा होतो.

हाच नियम गॅलिलिओनं १६३८च्या ग्रंथात हाडांच्या संदर्भात मांडला होता: प्राणी मोठा होतो तसं वजन घनानं वाढतं, हाडांची ताकद वर्गानं. मॉडेलकार त्याच वाटेनं उलटा उतरतो आणि फायद्यात राहतो. मूळ कबच्या पंखावर दर चौरस मीटरला ३३ किलो भार, मॉडेलवर आठच्या आसपास. भार चौथाई झाला की तरंगायला लागणारा वेग निम्मा होतो. मूळ विमान ताशी साठेक किलोमीटरखाली आलं की पंखाचा आधार सुटतो. मॉडेल तिशीपर्यंत तग धरतं. आणि शक्ती? वजन चौसष्टावा हिस्सा, वेग निम्मा, म्हणजे १२८वा हिस्सा. ६५ अश्वशक्तीच्या जागी अर्धी पुरते.

पण डोळ्याचं समाधान इथे होत नाही. विमान चौपट लहान, वेग मात्र निम्माच कमी. त्यामुळे ते स्वतःच्या लांबीइतकं अंतर मूळच्या निम्म्या वेळात कापतं आणि घाईत असल्यासारखं दिसतं. खऱ्या कबचा संथ डौल हवा तर वेगही चौथाई हवा. त्यासाठी वजन २५६वा हिस्सा, म्हणजे फक्त २.२ किलो. पावणेतीन मीटरच्या पंखाला इतक्या वजनात खरं बळ देणं जवळपास अशक्य. चित्रपटवाले चतुर्थांश मापाचं मॉडेल दुप्पट फ्रेम-वेगानं चित्रित करून ही अडचण सोडवतात. प्रत्यक्ष मैदानावर हवेचा झोत काही लहान होत नाही. फार हलकं मॉडेल वाऱ्याच्या हाती जातं.

म्हणून माझ्या मते या कलेचा कस रंगात किंवा खिळ्यांच्या नकलेत नाही, ग्रॅममध्ये आहे. कबचं नाक आखूड आणि शेपटी लांब. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते तिसऱ्या हिस्स्यात हवा. शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात तीन-चार ग्रॅम शिसं घालावं लागतं, आणि ते शिसं काहीच काम न करता नुसतं उडतं. जाणकार बाल्साच्या फळ्या कापण्याआधीच काट्यावर ठेवतात: सर्वांत हलकी शेपटीसाठी, मधली पंखाच्या फासळ्यांसाठी. पंखाच्या कण्याला मात्र स्प्रूसच. तिथे वजन वाचवलेलं पहिल्याच जोरदार वळणात महागात पडतं.